'कोण म्हणतं?' : बनावट गिऱ्हाईक, खबऱ्या आणि १९५८ चा शर्मन खटला

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा गाईडकडून परत आला, तेव्हा पहिल्याच पानावर एका वाक्याखाली लाल रेघ होती. वाक्य असं: 'शर्मन निर्दोष होता, सरकारी खबऱ्याने त्याला गोवलं.' शेजारी समासात दोनच शब्द: 'कोण म्हणतं?'

खरं सांगते, रागच आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली त्या माणसाची शिक्षा रद्द केली, खटलाच काढून टाकायला सांगितलं. आणखी कोणी म्हणायला हवं होतं? दोन-तीन दिवस धुसफुसत काढले आणि मग निकाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. हा लेख त्या दुसऱ्या वाचनातून आलाय. न्यायालयाचे निकाल इतिहासाचं साधन म्हणून कसे वापरायचे, असं पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. त्याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही, पण हा एक खटला मी कसा चुकीचा वाचला ते सांगू शकते.

आधी मुळातली अडचण काय ते बघू. घरफोडी झाली तर फिर्यादी असतो. मारामारीत मार खाल्लेला माणूस असतो, त्याच्या अंगावर खुणा असतात. अंमली पदार्थाच्या विक्रीत मात्र विकणारा राजी, घेणारा राजी. तक्रार करणार कोण? व्यवहार दोन मिनिटांत, बंद दाराआड किंवा गाडीत होतो आणि संपतो. झडतीत माल सापडला तर फार तर 'जवळ बाळगला' एवढं सिद्ध होतं. 'विकला' हे सिद्ध करायचं तर विक्री होताना कोणीतरी तिथे हजर पाहिजे. म्हणून पोलीस स्वतःच गिऱ्हाईक होतात, नाहीतर एखाद्या खबऱ्याला गिऱ्हाईक करून पाठवतात. पुराव्याचा प्रश्न सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा उभा राहतो: गिऱ्हाईक आलंच नसतं तर विक्री झाली असती का?

अमेरिकेत हा प्रश्न केंद्र सरकारच्या न्यायालयांपुढे वारंवार यायला लागला तो दोन कायद्यांमुळे. एक, १९१४ चा हॅरिसन कायदा. हा कागदोपत्री करांचा कायदा होता. अफू आणि कोका यांपासून बनलेल्या वस्तू ठरावीक सरकारी फॉर्मशिवाय विकायच्या नाहीत, कर भरल्याचा स्टँप नसलेल्या पाकिटातून विकायच्या नाहीत, वगैरे. दुसरा, १९२० पासूनची दारूबंदी. दोन्हींची अंमलबजावणी करणाऱ्या एजंटांचं मुख्य हत्यार एकच: साधे कपडे घालून जायचं आणि माल मागायचा. (हॅरिसन कायद्याला अनेक पुस्तकांत सरळ 'अंमली पदार्थबंदी कायदा' म्हटलेलं असतं. तो करांच्या भाषेत लिहिला होता हे विसरलात तर त्या काळच्या आरोपपत्रांतलं स्टँपचं पुराण कशासाठी, ते कळणार नाही. मीही गोंधळले होते.)

१९२८ च्या केसी खटल्यात सिॲटलचा एक वकील आरोपी होता. तो तुरुंगातल्या कैद्यांना मॉर्फिन पुरवतो असा संशय होता, म्हणून व्यसन असलेल्या एका कैद्याकरवी त्याच्याकडे मागणी करवली आणि चोरून संभाषण ऐकण्याचं यंत्र लावलं. न्यायमूर्ती होम्स यांनी बहुमताने शिक्षा कायम केली. ब्रँडाइस यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा तीस वर्षांचा वाद त्यात आहे. केसीवर अन्याय झाला म्हणून खटला थांबवा, असं ते म्हणत नाहीत. केसी दोषी असेलही. पण ज्या गुन्ह्याला सरकारी माणसांनीच जन्म दिला, त्याची शिक्षा देण्यासाठी सरकारने न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा आणि न्यायालयाने तो उघडावा, यात न्यायालयाचीच अब्रू जाते, हे त्यांचं म्हणणं.

चार वर्षांनी सॉरेल्स खटला आला. हा दारूचा. जुलै १९३० मध्ये दारूबंदी खात्याचा एक एजंट प्रवासी असल्याचं भासवून उत्तर कॅरोलायनातल्या एका माणसाच्या घरी गेला. सोबत त्या माणसाच्या ओळखीचे तिघं. एजंटाने दारू मागितली, तो म्हणाला माझ्याकडे नाही. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. मग गप्पा निघाल्या आणि कळलं की घरमालक पहिल्या महायुद्धात तिसाव्या डिव्हिजनमध्ये होता. एजंट म्हणाला, मीही त्याच डिव्हिजनचा. लढाईच्या आठवणी निघाल्या. त्यानंतर परत मागणी झाली, तेव्हा तो बाहेर गेला आणि थोड्या वेळाने अर्धा गॅलन व्हिस्की घेऊन आला. किंमत पाच डॉलर. सरन्यायाधीश ह्यूज म्हणाले, सापळ्यात अडकवल्याचा बचाव ज्यूरीसमोर जायला हवा होता. पण त्याला त्यांनी एक अट जोडली. आरोपी हा बचाव घेणार असेल, तर त्याचं आधीचं वागणं आणि त्याचा मुळातला कल किंवा तयारी यांची कसून तपासणी होईल, आणि त्याबद्दल त्याला तक्रार करता येणार नाही.

या अटीचा अर्थ कळायला मला वेळ लागला. एरवी आरोपीच्या जुन्या शिक्षा ज्यूरीला सांगायच्या नाहीत असा नियम असतो, कारण मग ज्यूरी या गुन्ह्याचा विचार न करता माणसाचा विचार करते. 'मला फशी पाडलं' म्हणायचं, तर तेच दार आरोपीने स्वतःच्या हाताने उघडायचं. प्रश्न 'पोलिसांनी काय केलं' इथून सरकून 'हा माणूस मुळात कसा आहे' इथे येतो.

आता शर्मन. निकालात नोंदवलेली हकीकत अशी. ऑगस्ट १९५१ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरच्या दवाखान्यात दोन माणसांची गाठ पडली. दोघंही व्यसन सोडवण्यासाठी उपचार घ्यायला आलेले दिसत होते. नंतर कधी दवाखान्यात, कधी औषधाच्या दुकानात परत गाठी पडल्या. आधी नमस्कार-चमत्कार, मग व्यसनाबद्दल आणि ते सोडवण्याच्या धडपडीबद्दल बोलणं. मग त्यातला एकजण विचारायला लागला, तुला कुठे माल मिळण्याची जागा ठाऊक आहे का? मला उपचार लागू पडत नाहीयेत. शर्मनने सुरुवातीला विषय टाळला. दुसरा आपल्याला त्रास होतोय असं सांगत पुनःपुन्हा विचारत राहिला. अखेर शर्मनने माल आणून दिला, आणि नंतरही बऱ्याच वेळा दिला. दरवेळी एकूण खर्च पंचवीस डॉलर, त्यातले पंधरा मित्राने द्यायचे. म्हणजे मित्राच्या वाट्याचा माल, वर टॅक्सी आणि बाकीचा खर्च. राहिलेला माल शर्मनचा. विचारणारा मित्र सरकारी खबऱ्या होता. त्याने अंमली पदार्थ विभागाला कळवलं की आणखी एक विक्रेता हाती लागलाय. नोव्हेंबर १९५१ मध्ये तीन वेळा एजंटांनी लांबून पाहिलं: सरकारने दिलेले पैसे खबऱ्याने दिले, शर्मनने माल दिला.

तीन विक्री, तीन आरोप. पुराव्यात खोट अशी काही नव्हतीच. पहिल्या शिक्षेला लर्नेड हँड या नावाजलेल्या न्यायाधीशांच्या अपील न्यायालयाने १९५२ मध्ये रद्द केलं, खटला परत चालला, ज्यूरीने पुन्हा दोषी ठरवलं, दहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश वॉरन यांच्यापुढे सरकारने शर्मनच्या दोन जुन्या शिक्षा मांडल्या: १९४२ ची विक्रीबद्दल, १९४६ ची बाळगल्याबद्दल. वॉरन म्हणाले, नऊ वर्षं आणि पाच वर्षं जुन्या या शिक्षांवरून, व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस १९५१ मध्ये विकायला तयारच बसला होता असं सिद्ध होत नाही. त्याच्या घरझडतीत माल सापडला नव्हता, आणि या व्यवहारात त्याने नफा कमावल्याचाही पुरावा नव्हता.

इथे मी माझं वाक्य लिहिलं होतं: शर्मन निर्दोष होता.

दुसऱ्यांदा वाचताना आधी एक बारीक गोष्ट दिसली, जी पहिल्यांदा नजरेतून निसटली होती. दवाखान्यातल्या त्या बोलण्याला दोघांशिवाय कोणी साक्षीदार नव्हता. मग टॅक्सीचं भाडं, पंधरा डॉलर, सुरुवातीची टाळाटाळ हे सगळं निकालात आलं कुठून? वॉरन स्वतः सांगतात: आम्ही हा निष्कर्ष सरकार पक्षाच्याच साक्षीदारांच्या जबानीवरून, ज्याबद्दल वाद नाही अशा भागावरून काढतोय. म्हणजे खबऱ्या साक्षीच्या पिंजऱ्यात आला होता. त्याने शपथेवर सांगितलं की मी विचारलं, त्याने टाळलं, मी परत विचारलं. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हा अंमली पदार्थांचाच खटला होता, शिक्षा व्हायची बाकी होती, आणि अशाच दुसऱ्या किमान दोन प्रकरणांना आपण सुरुवात करून दिल्याचंही त्याने कबूल केलं. त्याला पुढे निलंबित शिक्षेवर सोडण्यात आलं.

'कोण म्हणतं?' या प्रश्नाचं उत्तर असं की, खबऱ्या म्हणतो. शर्मनच्या सुटकेचा आधार म्हणजे त्याला पकडून देणाऱ्याची साक्ष!

हे किती नशिबाचं होतं ते त्याच दिवशी लागलेल्या दुसऱ्या निकालावरून कळतं. १९ मे १९५८ लाच मॅसियाले खटल्याचाही निकाल लागला. तोही अंमली पदार्थ विक्रीचा, त्यातही खबऱ्या, त्यातही बचाव तोच. आरोपी सांगत होता की खबऱ्याने सोप्या पैशाचं आमिष दाखवून माझ्यामागे लकडा लावला होता. पण त्या लकड्याबद्दल पुरावा काय, तर आरोपीचा स्वतःचा शब्द. न्यायालय म्हणालं, ज्यूरीला त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचा अधिकार आहे. शिक्षा कायम, पाच विरुद्ध चार मतांनी. दोन निकाल एकाच दिवसाचे, एकाच न्यायालयाचे. पुस्तकांत शर्मनला दोन पानं मिळतात, मॅसियालेला तळटीप. मीही तळटीपच दिली होती. पण 'विक्रीचा आरोप सिद्ध कसा होतो' हा तुमचा प्रश्न असेल, तर दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय काहीच दिसत नाही. एकाला वाचवणारं बोलणं खबऱ्याच्या तोंडून कागदावर आलं. दुसऱ्याच्या बाबतीत तसं काही झालं होतं की नव्हतं, हे आज आपण कुठल्याच निकालावरून ठरवू शकत नाही.

मग प्रश्न पुढे सरकतो: सरकारने खबऱ्याला पुढे आणायलाच नकार दिला तर? वर्षभर आधी, मार्च १९५७ मध्ये, रोव्हिआरो खटल्यात हेच झालं होतं. त्यातला प्रसंग सिनेमात शोभेल असा आहे. शिकागो, ऑगस्ट १९५४. खबऱ्याच्या कॅडिलॅकच्या डिकीत एक पोलीस अधिकारी लपून बसलेला, आतून झाकण उचलता येईल अशी सोय केलेली. रोव्हिआरो गाडीत बसतो, दोघांचं बोलणं डिकीतला अधिकारी ऐकतो. मागच्या गाडीतला दुसरा अधिकारी पाहतो की रोव्हिआरो उतरून एका झाडाजवळ गेला, पुडकं उचललं, गाडीपाशी आला, आत काहीतरी ठेवल्यासारखं केलं आणि हात हलवून निघून गेला. आरोपपत्रात गिऱ्हाईकाचं नाव 'जॉन डो'. आपल्याकडे 'अमुक-तमुक' म्हणतात तसं. सरकारने खरं नाव सांगायला नकार दिला. न्यायालय म्हणालं, नुसती बातमी देणाऱ्याचं नाव लपवणं एकवेळ समजू शकतं, पण इथे खबऱ्या व्यवहारातला दुसरा पक्षच आहे. बचावासाठी त्याची साक्ष मोलाची ठरू शकते, म्हणून नाव द्यावं लागेल. आणि गंमत पहा, पोलीस ठाण्यात समोरासमोर आणल्यावर त्या खबऱ्याने रोव्हिआरोला आपण ओळखत नाही, कधी पाहिलंच नाही, असं म्हटल्याची साक्ष अधिकाऱ्यानेच दिली होती. खरं बोलत होता की स्वतःला वाचवत होता, कोण जाणे. पण न्यायालयाला ते त्याच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं.

या क्रमाने वाचलं तर शर्मन खटला 'न्यायाचा विजय' वगैरे राहत नाही. तो एका साखळीतली कडी होतो: खबऱ्याचं नाव कळणं, तो पिंजऱ्यात येणं, त्याने उलटतपासणीत खरं बोलणं. एक कडी तुटली की आरोपीचा बचाव नुसता त्याचा शब्द होऊन बसतो.

आता माझ्या वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे, 'निर्दोष'. हा शब्द माझा नव्हताच, तो वॉरन यांच्या बाजूचा होता. त्यांची मांडणी अशी: निष्पाप माणसाला मोहात पाडून त्यालाच शिक्षा करावी असा कायदेमंडळाचा हेतू असू शकत नाही, म्हणून फशी पाडलेला माणूस कायद्याच्या नजरेत गुन्हेगार नाही. निकालावर सगळे न्यायमूर्ती सहमत होते. कारणावर नव्हते. फ्रँकफर्टर यांनी वेगळं मत लिहिलं आणि आणखी तिघं त्यांच्याबरोबर गेले. ते म्हणाले, हा कायदेमंडळाचा हेतू वगैरे बनाव आहे. शर्मनने विकलं, जाणूनबुजून विकलं, कायद्याच्या शब्दांत ते पूर्ण बसतं. त्याला सोडायचं कारण त्याचं मन स्वच्छ होतं हे नाही, तर सरकारने वापरलेली रीत न्यायालयाला मान्य नाही हे आहे. ब्रँडाइस यांचाच १९२८ चा मुद्दा. आणि तसं असेल, तर आरोपीच्या जुन्या शिक्षा बघायचं कारणच उरत नाही. जो आधी एकदा घसरलाय त्यालाही सरकारने पुन्हा ढकलू नये.

मला व्यक्तिशः फ्रँकफर्टर यांचं म्हणणं पटतं, हे इथे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सावध राहाल. पण माझं पटणं बाजूला. मुद्दा असा की 'शर्मन निर्दोष होता' असं लिहून मी न कळत त्या वादात वॉरन यांच्या बाजूने मत टाकलं होतं आणि त्याला 'माहिती' समजत होते. लाल रेघ त्यासाठी होती. एकमताचा निकाल आहे म्हणून आपण सहमतीची मतं वाचत नाही. असं करू नका. भांडण पुष्कळदा तिथेच लपलेलं असतं.

पुढची अमेरिकन कथा थोडक्यात सांगते, कारण ती उतरणीची आहे. १९७३ च्या रसेल आणि १९७६ च्या हॅम्प्टन खटल्यांत आरोपीचा कल हीच कसोटी पक्की झाली. हॅम्प्टनचं म्हणणं होतं की हेरॉइन मला खबऱ्यानेच दिलं आणि विकत घेतलं सरकारी एजंटांनी, म्हणजे माल सरकारचा, पैसा सरकारचा, मी नुसता मधला. ते खरं धरलं तरी, विकायची तयारी असलेल्या माणसाला हा बचाव मिळणार नाही, असा निकाल लागला. इंग्लंडमध्ये याउलट, २००१ च्या लूझली निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने भर पोलिसांच्या वागण्यावर दिला: जे इतर कुठलंही गिऱ्हाईक करेल तेवढंच पोलिसाने केलं, की त्याने गुन्हा घडवून आणला? त्याच निकालात विचारात घेतलेल्या दुसऱ्या प्रकरणात साध्या वेशातल्या पोलिसांनी आरोपीला स्वस्त चोरट्या सिगारेटींचं आमिष दाखवून हेरॉइन आणायला लावलं होतं. तो खटला थांबवणं योग्य ठरलं.

आणि आपल्याकडे? माझ्या प्रकरणाचा शेवटचा भाग इथेच अडलाय, म्हणून जरा सविस्तर.

भारतात सापळ्याचा वाद सुरुवातीला लाचेच्या खटल्यांतून आला. १९५४ मध्ये राव शिव बहादूर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनीच लाचेची रक्कम पुरवण्यावर आणि मॅजिस्ट्रेटला सापळ्यात साक्षीदार करण्यावर कडक शब्दांत टीका केली. १९५६ च्या रामजनम सिंग खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी जे लिहिलं, ते शर्मनच्या दोन वर्षं आधीचं आहे: चांगल्यातल्या चांगल्या माणसाचाही पाय घसरू शकतो, आणि वाईटातला वाईट माणूसही कधी मनातला वाईट विचार टाकून देतो. ज्याने तो टाकून दिला त्याला राज्याने जपावं, परत मोहात ढकलू नये. बोस हे सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. अमेरिकन फ्रँकफर्टरबद्दल मी दहा पानं लिहिली आणि नागपूरच्या बोसांबद्दल एक ओळ, हेही गाईडने दाखवून दिलं. बरोबरच होतं.

पण त्या विचारातून आपल्याकडे स्वतंत्र बचाव तयार झाला नाही. १९५८ च्या बसावन सिंग खटल्यात, म्हणजे शर्मनच्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सापळा कधी कधी लावावाच लागतो, आणि सापळ्यातल्या साक्षीदारांना दुजोरा हवाच असा अटळ नियम नाही. त्यांचा कल पाहून, प्रकरण पाहून न्यायालयाने ठरवावं. प्रश्न 'मोहात कोणी पाडलं' यावरून 'साक्षीदार विश्वासार्ह आहे का' यावर आला. १९८५ चा एनडीपीएस कायदा आला तेव्हा हा प्रश्न आणखी अरुंद झाला. शिक्षा दहा वर्षांपासून पुढे, काही गोष्टी आरोपीविरुद्ध गृहीत धरायची मुभा. त्यामुळे बचावाचा सगळा जोर कार्यपद्धतीवर. कलम ५० खाली राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा हक्क आरोपीला सांगितला का? पंच स्वतंत्र होते की पोलिसांचे नेहमीचे? लाखेचं सील कोणाकडे होतं? मुद्देमाल कधी जमा झाला? नमुना किती ग्रॅमचा? १९८९ च्या केंद्रीय आदेशात तर अफू, गांजा, चरस यांचा नमुना २४ ग्रॅम आणि बाकीच्यांचा ५ ग्रॅम असं मोजून दिलेलं आहे.

या काटेकोरपणाने माणसं सुटतात, हे खरं. गोव्यातल्या एका जर्मन नागरिकाच्या खटल्यात (यात बनावट गिऱ्हाईक नव्हतं, नुसती जप्ती होती) चरसाचे दोन तुकडे मिळाले, पण प्रयोगशाळेत गेला एकच, आणि त्याचं वजन पाच ग्रॅमहून कमी भरलं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आणली, कारण तपासला गेला तेवढाच चरस सिद्ध झाला, आणि तेव्हाच्या नियमाने ते अल्प प्रमाण होतं. वजनकाटा बोलला, माणसाच्या मनाचा प्रश्नच आला नाही.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. आपल्याकडच्या फिर्यादींत आणि पंचनाम्यांत एक वाक्य हटकून भेटतं: 'गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की...'. त्यानंतर सापळा रचला, पंच बोलावले, बनावट गिऱ्हाईक पाठवलं, इशारा ठरला, छापा घातला. हा बातमीदार कोण, हे पोलिसाला सांगायला भाग पाडता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२५ तसं सांगत होतं आणि नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. बनावट गिऱ्हाईक खासगी माणूस असेल तर तो साक्षीला येतो आणि कधी फितूर होतो. आला तरी त्याला विचारलं जातं ते असं: नोटांचे नंबर कोणी लिहिले, पुडी कोणत्या हातात दिली, पंच किती फुटांवर उभे होते. 'तू त्याला किती वेळा विचारलंस? पहिल्यांदा तो काय म्हणाला?' हे विचारून बचावाच्या वकिलाला काही मिळत नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी आरोपी त्यावर सुटत नाही. म्हणून प्रश्न विचारला जात नाही, उत्तर नोंदलं जात नाही, आणि निकालात ते येत नाही.

१९५१ च्या न्यूयॉर्कमध्ये दोन व्यसनी माणसं दवाखान्याच्या बाकावर काय बोलली, हे मला टॅक्सीभाड्यासकट माहीत आहे. आपल्या शहरात घडलेल्या विक्रीबद्दल मला सीलचा ठसा, वजन, वेळ, पंचांचे व्यवसाय मिळतात, आणि त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं याबद्दल एक ओळ: 'बोगस गिऱ्हाईकाने मालाची मागणी केली असता...' पहिल्या खर्ड्यात मी यावरून लिहिलं होतं की भारतात आरोपीला मोहात पाडण्याचे प्रकार फारसे दिसत नाहीत. तिथेही लाल रेघ होती, आणि प्रश्नही तोच.

तर सध्या काम असं चाललंय. अपिलातले निकाल बाजूला ठेवलेत, कारण तिथे पोचेपर्यंत बोलणं गाळून गेलेलं असतं. सत्र न्यायालयातल्या साक्षींच्या मूळ नोंदी आणि आरोपींचे जबाब बघायचे आहेत. फौजदारी संहितेच्या कलम ३१३ खाली आरोपीला जे सांगायची संधी मिळत असे, ते न्यायालयाने विचारात घेतलं असो वा नसो, कागदावर असतं. 'मला खोटं गोवलं आहे' या ठरावीक वाक्यापलीकडे कोणी काही बोललंय का, 'तो चार दिवस माझ्याकडे येत होता' असं काही, ते शोधायचंय. रेकॉर्ड रूममध्ये जुनी प्रकरणं नष्ट करण्याच्या मुदती असतात, त्यामुळे तुमच्यापैकी कोणी अशा विषयावर प्रस्ताव लिहीत असेल तर आधी चौकशी करा की कुठल्या वर्षांच्या फायली शिल्लक आहेत. विषय ठरवून मग फायली शोधायला गेलात तर माझ्यासारखे चार महिने जातील.

ते वाक्य आता असं आहे: 'खबऱ्याने शपथेवर दिलेल्या साक्षीनुसार शर्मनने सुरुवातीला मागणी टाळली. या साक्षीच्या आधारे न्यायालयाने त्याची शिक्षा एकमताने, पण दोन वेगळ्या कारणांसाठी रद्द केली.' वाचायला रूक्ष आहे, मान्य. यावेळी समासात काही लिहिलेलं नव्हतं.